रतीब आधी, किटली नंतर

झोका थांबव जरा, आणि ये, इथे ओट्यावर माझ्याजवळ बस. सकाळपासून तीनदा तू मोबाइल माझ्यापुढे केलास आणि तीनदा मी ‘नंतर बघू’ म्हणून टाळलं. आखाजीला माहेरी आल्यावर तरी टक्केवारी नको, असं वाटत होतं. पण तुझा चेहरा बघून कळतंय, जळगावला परत जाण्याआधी तू कुठेतरी खातं उघडून मोकळी होणार. म्हणून आता बोलतेच. आई आत पुरण वाटतेय. तिची हाक येईपर्यंत आपण मोकळ्या.

तुझ्या चॅनलचं मला फार कौतुक आहे, हे आधी ऐकून घे, म्हणजे पुढचं टोचणार नाही. तुझ्या सासूबाई कळण्याची भाकरी थापताना अहिराणीत जे पुटपुटतात ना, ते ऐकायला मी धुळ्यात रात्री अकराला जागी असते. भरिताचा तो व्हिडिओ तर मी चारदा बघितला. काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, धुरानं डोळे चोळणाऱ्या त्या, आणि मागून तुझा आवाज, ‘सासूबाई, जरा कॅमेऱ्याकडे बघा.’ त्यांनी एकदाही बघितलं नाही. म्हणूनच तो चांगला झालाय.

आता अकरा हजार लोक तुला बघतात आणि जाहिरातीचे पैसे बघून तुला रडू येतं. म्हणून तुला सभासद हवेत, दर महिन्याला काहीतरी देणारे. बरोबर आहे. पण कुठल्या प्लॅटफॉर्मवर, हा प्रश्न तू पहिला विचारतेस आणि तिथेच माझी चूक तू परत करतेस.

माझी चूक तुला अर्धीच ठाऊक आहे. पूर्ण कुणालाच सांगितली नाही, यांनाही नाही. 2022 साली मी खापरावरच्या पुरणपोळीचे ऑनलाइन वर्ग घेत होते, आठवतं? तेव्हा एक नवं ॲप आलं होतं. नाव नको. गोड बोलणारा मुलगा फोनवर म्हणाला, ताई, आम्ही फक्त पाच टक्के घेतो, बाकी सगळं आम्ही बघतो. आणि खरंच सगळं त्यांनी बघितलं! पैसे त्यांच्याकडे यायचे, वर्गाची आठवण ते पाठवायचे, बायकांची नावं-नंबर त्यांच्याकडे. मला पडद्यावर फक्त पहिलं नाव दिसायचं. ‘सुनीता’, ‘संगीता’, ‘सुनीता’. चौसष्ट बायका झाल्या होत्या. एके दिवशी इमेल आली, पंधरा दिवसांत सेवा बंद होतेय, सहकार्याबद्दल आभार. शेवटच्या महिन्याचे पैसे आलेच नाहीत, ते गेले तर गेले. पण त्या चौसष्ट जणी! त्यांतल्या कुठल्या सुनीताची पोळी खापरावर टाकताना दर वेळी फाटायची आणि ती दर वेळी हसायची, हे मला आजही सांगता येईल. ती राहते कुठे, हे नाही सांगता येणार. जुन्या कमेंटी चाळून, याला-त्याला विचारून वीस-बावीस जणी सापडल्या. बाकीच्यांना वाटलं असेल, धुळ्याची ताई पैसे घेऊन पळाली.

तेव्हापासून मी या धंद्याकडे दुधाच्या रतिबासारखं बघते. आपल्या लहानपणी दूधवाले काका यायचे, त्यांची ती वही आठवते? घराचं नाव, रोजचं माप, ज्या दिवशी दूध घेतलं नाही तिथे फुली. किटली एकदा चोरीला गेली होती त्यांची. दुसऱ्या दिवशी ते आईचाच डबा मागून घेऊन आले आणि रतीब चुकला नाही, कारण वही घरी होती. तू सध्या किटल्यांचे भाव विचारत फिरतेयस. वही कुणाच्या हातात राहणार, ते आधी विचार.

आणि दुसरं, पैसे देणारा हात कुठला? तुझे सभासद कोण होणार, याचा विचार केलास? मी केला. जळगावातल्या बाईला भरीत शिकायला पैसे मोजायची गरज नाही, शेजारीण फुकट शिकवते. पैसे देणार तो दूर गेलेला माणूस. सुरतच्या उधना-लिंबायतमधला, वापीचा, चिंचवडचा, नाशिकच्या सातपूरचा. आपल्या अमळनेरवरून ती सुरतेची गाडी जाते ना, तिच्यात बसून निम्मा खान्देश तिकडे गेला. त्या घरांत पोरं गुजराती शाळेत शिकतात आणि आजीशी अहिराणीत बोलतात. कानबाईला रोट कसे करायचे, हे विचारायला त्यांना तू लागणार आहेस.

म्हणून गेल्या रविवारी मी एक प्रयोग केला. उधन्याच्या आत्याला फोन लावला आणि म्हटलं, परदेशी साइटवरून कुणाला तरी शंभर रुपये पाठवून बघ. पॅट्रिऑनवरचं एका कलाकाराचं पान पाठवलं तिला. आत्या म्हणाली, ‘कार्डना नंबर? व माय, कार्ड त्यास्ना पाकिटमा शे.’ आत्याचे यजमान ड्युटीवरून आल्यावर कार्ड निघालं. नंबर टाकला. व्यवहार नाकारला. दुसऱ्यांदा टाकला. परत नाकारला. मग मला आठवलं, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं मार्च 2020 पासून नवीन कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण सुरू करेपर्यंत बंदच असतो. ते सुरू करायला बँकेच्या ॲपमध्ये जायचं, त्याचा पासवर्ड पोराला माहीत, पोरगा क्लासला. आत्या कंटाळली आणि म्हणाली, राहू दे, मी तुला फोनपेवर टाकते. चार सेकंदांत शंभर रुपये आले, वर ‘आंबा खा’ असा निरोप.

बाकी सगळी टक्केवारी या चार सेकंदांपुढे फिकी आहे. पॅट्रिऑन वाईट नाही हं. 2013 साली अमेरिकेत एका संगीतकारानंच सुरू केलेली कंपनी आहे, जगभरचे कलाकार तिच्यावर जगतात. ऑगस्ट 2025 नंतर येणाऱ्या नव्या कलाकाराकडून ते दहा टक्के घेतात, वर पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. आयफोनच्या ॲपमधून कुणी सभासद झालं तर ॲपलचा हिस्सा आणखी वेगळा. तेही चाललं असतं. पण आपल्याकडे ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीला नियम लागले. पहिल्यांदा ग्राहकाची नीट परवानगी, मग दर वसुलीच्या चोवीस तास आधी सूचना. नियम ग्राहकाच्या भल्याचाच आहे. पण परदेशी कंपन्यांची वसुली तेव्हा धडाधड अडकली आणि इथल्या कित्येक कलाकारांचे देशातले सभासद एका महिन्यात गळाले. कुणी रागावून गेलं नव्हतं, कार्ड चाललं नाही एवढंच. तुझे सभासद न्यू जर्सीत असते, तर मीच तुला पॅट्रिऑनवर बसवलं असतं. ते आहेत लिंबायतला.

आणि हे आपल्याच नशिबी आहे असं समजू नकोस. इंडोनेशियात बघ. तिथे गाणारीवर नोटा उधळायची जुनी रीत आहे, आपल्या तमाशातल्या दौलतजाद्यासारखी, तिला ते ‘सावेर’ म्हणतात. त्यावरूनच ‘सावेरिया’ नावाची साइट निघाली, ‘त्राक्तिर’ नावाची दुसरी आहे. लोक तिथे आपल्या रोजच्या मोबाइल पाकिटातून पैसे टाकतात, कार्ड लागतच नाही. जपानात चित्रकारांसाठी ‘पिक्सिव्ह’नं 2018 मध्ये ‘फॅनबॉक्स’ काढलं. कोरियात थेट प्रक्षेपण करणाऱ्याला प्रेक्षक विकत घेतलेले ‘तारा-फुगे’ देतात. फुगेच! नाही तर आपलं ‘केसावर फुगे’ हे गाणं. सांगायचा मुद्दा, आशियात जिथे जिथे हे जमलं, तिथे लोकांच्या खिशात जे होतं त्यातूनच जमलं.

‘केसावर फुगे’वरून आठवलं. तू मागे म्हणालीस, ते गाणं आणि ‘हाई झुमका वाली पोर’, ही यूट्यूबवरून साऱ्या महाराष्ट्रात गेली, मग अहिराणीला यूट्यूबच तारणार. गेली ना, वरातीतून गेली. पण वरातीत नाचणारा वेगळा आणि रतीब लावणारा वेगळा. पहिल्याला मोजायला यूट्यूब पुरे. दुसऱ्याला नावानं ओळखावं लागतं.

तरी यूट्यूबची मेंबरशिप तू सुरू कर, हे मीच सांगणार होते. तुझी पाचशे सबस्क्रायबरची अट कधीच पार झालीय, बघण्याचे तासही झालेत. आत्याचे यजमान यूट्यूब उघडतातच, तिथल्या तिथे बटण दिसेल, नवीन ॲप शिकायला नको. पण हिशेब डोळे उघडे ठेवून कर. तू 99 रुपये लावलेस की त्यातून आधी जीएसटी जाणार, उरले 84. त्याचे सत्तर टक्के तुझे, तीस त्यांचे. हातात 59 रुपये. आणि सभासदाचा फोन नंबर? नाही. चॅनलचं नाव दिसेल, ‘महादेव_भक्त_4521’. ही माझी सुनीताच झाली परत.

एक आणखी जप. तू मध्ये अंगाईगीतांचे व्हिडिओ टाकायचं म्हणत होतीस. ते ‘मुलांसाठी’ असं नोंदवलेलं चॅनल झालं, की त्याच्यावर मेंबरशिप मिळत नाही. अंगाई वेगळ्या चॅनलवर ठेव. आणि अमेरिकेचा करफॉर्म भरलास का ॲडसेन्समध्ये? तिकडचे प्रेक्षक तुझे मूठभरच, पण फॉर्म भरला नाही तर ते सगळ्याच कमाईतून कर कापू शकतात, नुसत्या अमेरिकन प्रेक्षकांच्या नाही. फॉर्म भरून भारतासोबतच्या कराराचा लाभ मागितला, तर अमेरिकेतून आलेल्या कमाईवरच पंधरा टक्के. दहा मिनिटांचं काम आहे, रस काढून झाला की आपण बसून करू.

आता माझं खरं मत. यूट्यूबची मेंबरशिप हा तुझा ओटा, येणारा-जाणारा टेकेल. पण घरातली वही वेगळी ठेव. रेझरपेसारख्या आपल्याकडच्या कंपनीचं एक साधं पैसे भरण्याचं पान बनवून मिळतं. पॅन कार्ड, बँक खातं, थोडी कागदपत्रं. ते साधारण दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर जीएसटी घेतात, म्हणजे 99 मधले साडेशहाण्णवच्या आसपास तुझ्या खात्यात येतात. वर पान भरणाऱ्याचं नाव, नंबर, गाव तुझ्याकडे. यूपीआयवर आपोआप वसुलीची सोय 2020 पासून आहे, ‘ऑटोपे’. त्याचा वेगळा आकार काय, ते विचारून घे. पण मला विचारशील तर सुरुवातीला ऑटोपेच्या नादी लागू नकोस.

दर महिन्याला घेऊच नकोस पैसे. हसतेस काय? ऐक तर. आपल्या घरात ‘साधना’ यायचं, आठवतं? साने गुरुजींनी 15 ऑगस्ट 1948 ला सुरू केलेलं साप्ताहिक, आजही चालू आहे. बाबा त्याची वर्षाची वर्गणी एकदाच भरायचे आणि विसरून जायचे. आपल्या माणसाला दर महिन्याला खात्यातून काहीतरी कापलं जातंय हा मेसेज आला, की आधी धास्ती वाटते, मग तो बंद करतो. पण ‘आखाजी ते कानबाई, 199 रुपये’ असं म्हण. लगेच कळतं. कधी सुरू, कधी संपणार, काय मिळणार. आखाजीला सांजोऱ्या आणि आमरस, उन्हात बिबड्या-कुरडया, पावसाळ्यात डुबुकवडे, मग रोट. कानबाईचं विसर्जन झालं की वर्गणी संपली. पुढच्या मोसमाला ज्याला यायचं तो येईल. गळाला कोण, हे तुला कळेल, आणि कळलं की तू फोन करून विचारू शकशील. नंबर तुझ्याकडे असेल ना!

आखातातल्यांचं काय, असं तू विचारणार. ज्यांचं इथल्या बँकेत अनिवासी खातं आहे त्यांना 2023 पासून अमिरात, कतार, ओमान, सौदी अशा काही देशांतल्या मोबाइल नंबरवरून यूपीआय करता येतं, त्यांच्या बँकेनं सोय दिली असेल तर. बाकीचे त्यांच्या भावाला सांगतील, भाऊ भरेल. दुबईच्या दोन माणसांसाठी डॉलरचं दुकान मांडू नकोस.

व्हॉट्सॲप ग्रुप काढून फोनपेचा स्वतःचा नंबर टाकायचा, हा तुझा तिसरा पर्याय. तो मी खोडते, आणि इथे मी ताई म्हणून जरा कडक बोलणार आहे. तुझा यूपीआय म्हणजे तुझा मोबाइल नंबर. तो व्हिडिओखाली टाकलास की अकरा हजार लोकांकडे गेला. त्यांत रात्री एकला ‘हाय’ लिहिणारे किती, ते मला विचार. मी दोन वर्षं ब्लॉक करत होते. एक वेगळं सिम घे, वेगळा यूपीआय आयडी कर ज्यात नंबर नाही, आणि खातं चॅनलच्या कामापुरतं वेगळं. हे आजच. शिवाय पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवून ग्रुपमध्ये घुसणारे असतात. प्रत्येकाचा स्क्रीनशॉट बँकेच्या नोंदीशी ताडून बघताना तुझ्या डोळ्यांत पाणी येईल. ग्रुप ठेव, पण गप्पांसाठी. पैसे पानावरून.

टॅक्सचं दोन वाक्यांत. सेवा पुरवणाऱ्याला वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी, त्याआधी नाही, आणि सुरत दुसऱ्या राज्यात आहे म्हणून हा आकडा बदलत नाही. आयकराच्या विवरणात मात्र पहिल्या रुपयापासून दाखव. मी धुळ्यात करसल्लागाराच्या ऑफिसात रोज बघते, लोक लपवत नाहीत, विसरतात, आणि नोटीस दोघांनाही सारखीच येते.

आता वचनाचं बघ. सभासदांना काय देणार, याच्या तुझ्या कागदावर काय लिहिलंयस? ‘सभासदांना रोज एक खास व्हिडिओ.’ रोज! इथल्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी रोज हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे. पण ते साने गुरुजी होते, आणि त्यांच्या घरी सासू, दोन पोरं आणि सकाळी सहाचं नळाचं पाणी नव्हतं. आठवड्याला एक दे. तोही साधा. सासूबाई पुटपुटतात ते न कापता ठेव, तोच खास व्हिडिओ. लोकांना तेच हवंय, सुरतच्या स्वयंपाकघरात त्यांच्या आवाजाची सोबत. उलट त्यांना बोलायला लावून, दिवे लावून, नवं पातळ नेसवून बसवलंस तर त्या बोलायच्या थांबतील.

आणि त्यांना विचारलंस का? खरं सांग. चेहरा त्यांचा, हात त्यांचे, आवाज त्यांचा. फुकट होतं तोवर गंमत होती. आता त्यावर पैसे येणार, तर त्यांचा वाटा किती? तू गप्प झालीस म्हणजे विचारलं नाहीस. त्या नाही म्हणणार नाहीत, मला माहितेय. ‘मला काय करायचे पैसे’ असंच म्हणतील. तरी पहिल्या मोसमाचे पैसे आले की त्यांच्या पोस्टाच्या खात्यात ठरलेली रक्कम टाक, आणि पासबुकावर नोंद करून आण. माझ्या वर्गांत आईचं खापर होतं, आईची रीत होती, आणि मी तिला एक साडी घेऊन दिली आणि मोकळी झाले. ती काही बोलली नाही. पण मागच्या आखाजीला मी पोळी हातावर फिरवत होते, तेव्हा ती शेजारच्या काकूंना म्हणाली, ‘हाई मीच शिकाडेल शे.’ हसत म्हणाली. मला मात्र त्या दिवशी पुरण गोड लागलं नाही.

जळगावला गेल्यावर पहिलं काम काय करशील? खातं उघडू नकोस. एक वही घे, साधी, शंभरपानी. कमेंटमध्ये जे नेहमी बोलतात त्यांतली वीस नावं लिही, आणि कोण कुठे राहतं, पैसे कशानं देतं, हे एकेकाला विचार. वीसमधल्या पंधरांनी ‘फोनपे’ म्हटलं, तर पान बनव. पंधरांनी ‘यूट्यूबवरच बरं’ म्हटलं, तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेव आणि तिथेच कर. त्यांना मोसम नको, महिनाच हवा, असं निघालं तर तसं. माझी वीस माणसं वेगळी होती.

आत्याचं नाव पहिलं लिही. शंभर रुपये तिनं दिलेच आहेत, 99 वरून एक रुपया परत मागेल बघ.

ऐकलंस? आली हाक. ‘रस काढाले या व पोरीस्वन.’ चल, आणि तो मोबाइल इथेच ठेव, आंब्याचे हात लागतात.